रंगावर जाऊ नका, शिरा मोजा: बी फ्लाय शोधण्याची आणि वर्गात बसवण्याची पद्धत

तापलेल्या मुरमापासून चार बोटं उंचीवर एक केसाळ गोळा हवेत जागच्या जागी थांबलेला असतो. खाली जमिनीत पेन्सिल जाईल एवढं एक भोक. सेकंद-दोन सेकंदांनी तो गोळा खाली झुकतो, पोटाचं टोक भोकाकडे झटकतो आणि पुन्हा वर येतो. मधमाशी समजून माणसं बाजूला सरकतात. पण ही मधमाशी नव्हे, साधी माशीच, बॉम्बिलिडी कुळातली. त्या भोकात घर करून राहणाऱ्या एकांड्या मधमाशीच्या पिलांपाशी ती आपली अंडी भिरकावत असते. इंग्रजीत हिला बी फ्लाय म्हणतात. मराठीत सगळीकडे चालेल असं नाव रुळलेलं नाही, म्हणून इथेही तोच शब्द ठेवला आहे.

फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ लात्रेय याने हे कुळ १८०२ साली मांडलं. त्याआधी, १७५८ मध्येच, लिनियसने बॉम्बिलियस मेजर या जातीला नाव दिलेलं होतं. आज सुमारे ५००० जाती ज्ञात आहेत. अंटार्क्टिका सोडून त्या सगळ्या खंडांवर आहेत, पण खरी गर्दी कोरड्या मुलखात: अमेरिकेच्या नैर्ऋत्येची वाळवंटं, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, भूमध्य समुद्राभोवतालचा पट्टा, मध्य आशिया. आपल्याकडे थरचं वाळवंट आणि दख्खनचा पर्जन्यछायेतला माळ. दाट जंगलात हिंडून हात हलवत परत यायचं आणि सासवडच्या पुढे एखाद्या उजाड माळावर तासाभरात चार प्रकार दिसायचे, यात नवल काही नाही. त्याचं कारण या माशीच्या प्रजननात आहे, आणि ते समजलं की कुठे शोधायचं हे वेगळं सांगावं लागत नाही.

आधी तिचं आयुष्य समजून घ्या

बहुतेक माद्यांच्या पोटाच्या टोकाशी एक छोटी पोकळी असते, वाळूची पिशवीच म्हणा. मादी मोकळ्या जमिनीवर बसते, टोक मातीत खुपसते आणि थरथरवते. बारीक कोरडी वाळू आत भरली जाते. अंडं बाहेर येताना त्याला या वाळूचा थर बसतो, अनारशाला खसखस लागते तसा. त्यामुळे चिकट अंडी एकमेकांना धरत नाहीत, सुकत नाहीत आणि भिरकावण्याइतकं वजन त्यांना येतं. यासाठी माती भुसभुशीत आणि कोरडी लागते. चिकण काळ्या रानात, गवताने गच्च झालेल्या जागी किंवा पाणी दिलेल्या शेतात हे जमणार नाही. तेव्हा माशी शोधण्याआधी जमीन शोधा: मुरमाड उतार, ओढ्याकाठची वाळू, कच्च्या रस्त्याची कडा, पायवाटेवरची धूळ. जमिनीवर पोट टेकवून थरथरणारी माशी दिसली तर ती जखमी नाही, वाळू भरते आहे. तिला पाच मिनिटं हात लावू नका. पुढे ती अंडी कुठे टाकते ते पाहायला मिळेल.

अंड्यातून निघणारी पहिली अळी सडपातळ, चपळ, अंगावर लांब केस असलेली. यजमानाच्या, म्हणजे ज्या कीटकावर ती पोसली जाणार त्याच्या, घरात शिरणं एवढंच तिचं काम. आत पोचली की ती कात टाकते आणि दुसऱ्या अवस्थेत तिचं रूप पार बदलतं: पांढरी, गुबगुबीत, जवळजवळ न हलणारी अळी. बऱ्याच जातींत ती यजमान मोठा होईपर्यंत दम धरते आणि मग बाहेरून चिकटून त्याला शोषून रिकामा करते. कोषाच्या डोक्यावर कठीण काटे असतात आणि पोटावर आकड्यांच्या रांगा. प्रौढ माशीला खोदण्याची कसलीच हत्यारं नाहीत, म्हणून कोषच वळवळत, काट्यांनी मातीचं बूच फोडत अर्धा बाहेर येतो, आणि मग माशी निघते. माळावर जमिनीतून अर्धवट डोकावणारी तपकिरी रिकामी टरफलं दिसली तर ती उचला. माशी हातची गेली असली, तरी घर कोणाचं होतं हे त्या जागी खणून कळू शकतं.

यजमान मात्र सगळ्यांचे एक नाहीत. जमिनीत किंवा पोकळ काड्यांत घर करणाऱ्या मधमाश्या आणि गांधीलमाश्या, पतंगांच्या अळ्या व कोष, टायगर बीटलच्या बिळातल्या अळ्या, नाकतोड्यांची अंडी, एवढा पसारा आहे. सिस्टीकस वंशातल्या अळ्या नाकतोड्यांच्या अंडीपुंजांत राहून अंडी फस्त करतात. वाळवंटी टोळाच्या अंड्यांवरही त्या सापडल्या आहेत. राजस्थानातून येत मे २०२० मध्ये विदर्भापर्यंत पोचलेली टोळधाड आठवत असेल, तर या माश्यांकडे नुसती गंमत म्हणून पाहू नये.

माशी तीच आहे ना?

पंख दोनच आणि मागच्या पंखांच्या जागी टाचणीच्या डोक्यासारख्या दोन छोट्या दांड्या, एवढ्यावर मधमाशी बाद होते. डंख नाही. बॉम्बिलियसची पुढे रोखलेली लांब सोंड भीतिदायक दिसते, पण ती फुलातला मध ओढण्यापलीकडे काही करत नाही.

खरी फसगत दुसऱ्या माश्यांशी होते. सिरफिड माश्याही हवेत स्थिर राहतात. पण त्यांच्या पंखाच्या मधोमध कशालाच न जोडलेली एक खोटी शीर असते आणि पंखाच्या मागच्या कडेला समांतर जाणाऱ्या शिरांची चौकट दिसते. रॉबर फ्लायच्या दोन डोळ्यांमध्ये डोक्यावर खोलगट खाच असते आणि तोंडावर दाढी. ती दुसरे कीटक धरून बसलेली दिसते. बी फ्लाय शिकार करत नाही. थेरेव्हिडी कुळाशी गल्लत झाली तर पंखाच्या मागच्या बाजूचे, कडेला भिडणारे कप्पे मोजा: थेरेव्हिडीत पाच, बी फ्लायमध्ये चार किंवा त्याहून कमी. नेमेस्ट्रिनिडी कुळातल्या माश्या केसाळ असतात आणि तशाच घोंगावतात. त्यांच्या पंखात अनेक शिरा एकत्र येऊन तिरकी रेघ बनते, आणि पायाच्या टोकाला नखांखाली तीन गाद्या असतात. बी फ्लायला दोन गाद्या असतात, काही वंशांत एकही नसते. मधल्या गादीच्या जागी फक्त एक केस. हे बघायला दहापट भिंग पुरतं.

बसलेली बी फ्लाय बहुधा पंख बाजूला पसरून किंचित मागे झुकवते, जेट विमानासारखे. टॉक्सोफोरा, सिस्ट्रोपस असे काही सडपातळ वंश पंख पोटाशी धरतात, म्हणून या एकाच खुणेवर निकाल देऊ नये.

केव्हा जायचं, काय घेऊन जायचं

पाऊस ओसरल्यावर माळ फुलतो तेव्हा, म्हणजे सप्टेंबरअखेरपासून नोव्हेंबरपर्यंत, दख्खनवर सर्वांत चांगला हंगाम. थरमध्ये पावसानंतरचे हे महिने आणि फेब्रुवारी ते एप्रिल अशा दोन फेऱ्या ठरवा. वेळ सकाळी नऊ ते साडेअकरा आणि दुपारी साडेतीन ते पाच. ढग आले की या माश्या दिसेनाशा होतात. सूर्य परत येईपर्यंत सावलीत बसून डबा खाल्लेला बरा. एकदांडी, सराटा, बोर अशा उथळ फुलांवर आखूड सोंडेच्या माश्या पाहा, नळीदार फुलांवर लांब सोंडेच्या. फुलं नसतील तर टेकडीचा माथा गाठा. काही जातींचे नर तिथे माद्यांची वाट पाहत बसतात.

परवानगीचं आधी बघा. नान्नज किंवा रेहेकुरीसारख्या अभयारण्यात, जैसलमेरच्या डेझर्ट नॅशनल पार्कात, एक माशीसुद्धा वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय गोळा करता येत नाही. खाजगी माळावर मालकाला विचारा. नमुने परदेशी तज्ज्ञाकडे पाठवायचे असतील तर २००२ चा जैवविविधता कायदा लागू होतो. कुरिअरमध्ये डबी टाकून मोकळं होता येत नाही.

फोटोवर भागणार असेल तर तेवढंच करा. या कुळात फोटोचा उपयोग इतर माश्यांपेक्षा जास्त होतो, कारण पंख उघडे असतात आणि शिरा मोजता येतात. तीन फोटो लागतात: बरोबर वरून, ज्यात एक तरी पंख आडवा आणि सपाट दिसतो, बाजूने, ज्यात सोंडेची लांबी कळते, आणि समोरून चेहरा, ज्यात स्पर्शिकांचा आकार दिसतो. हवेत थांबलेल्या माशीसाठी शटर १/१००० किंवा त्याहून वेगवान ठेवा. आपली सावली तिच्यावर पडली की ती गेलीच, तेव्हा जवळ जाताना सूर्य पाठीशी घेऊ नका, बाजूला ठेवा.

पकडणं आणि केस न घालवता मारणं

जाळीची कडी ३५ ते ४० सेंटिमीटर व्यासाची, दांडा मीटरभर, कापड पांढरं आणि मऊ. जमिनीवर बसलेल्या माशीवर जाळी वरून आपटायची आणि लगेच पिशवीचं टोक चिमटीत धरून वर ओढायचं. माशी उजेडाकडे, वरच्या टोकाकडे चढते. मग खालून बाटली आत सरकवायची. बोरीबाभळीच्या काट्यांवर जाळी फिरवली तर एका फेरीत चिंध्या होतात, तिथे माशी मोकळी होण्याची वाट पाहा. नेम चुकला तर पळत सुटू नका. बऱ्याच जातींचे नर ठरलेल्या जागेवर परत येतात. पाच मिनिटं पुतळ्यासारखं उभं राहिलं की दुसरी संधी मिळते.

आता या कामातली सर्वांत मोठी चूक. बी फ्लायचे केस आणि खवले बोटाच्या नुसत्या स्पर्शाने निघतात. एका बाटलीत चार माश्या कोंबल्या तर संध्याकाळी चार काळ्या टकल्या माश्या हाती येतात, आणि वंशापलीकडे कुणालाही काही सांगता येत नाही. म्हणून एका नळीत एकच माशी, आत टिश्यू पेपरची पट्टी. फुलपाखरांच्या डब्यात तर मुळीच टाकू नका. त्यांचे खवले हिच्या अंगावर बसतात आणि नसलेले पट्टे दिसू लागतात.

मारण्यासाठी रुंद तोंडाच्या काचेच्या बाटलीत दोन सेंटिमीटर प्लास्टर ऑफ पॅरिस ओता, दोन-तीन दिवस पूर्ण वाळू द्या, मग चमचाभर, म्हणजे साधारण ५ मिलिलिटर, इथाइल ॲसिटेट जिरवा. वर ओल दिसत असेल तर जास्तीचं ओतून टाका. द्रव दिसला म्हणजे केस भिजले, आणि भिजलेले केस अंगाला चिकटतात. २० ते ३० मिनिटं पुरे. हे रसायन पेट घेतं आणि साध्या कडक प्लॅस्टिकच्या डब्या विरघळवतं. घरी फ्रीज असेल तर सरळ नळीसकट फ्रीझरमध्ये रात्रभर ठेवा. बाहेर काढल्यावर मात्र नळी बंदच ठेवून तापमान सारखं होऊ द्या, नाहीतर हवेतलं बाष्प माशीवर जमून तीच गत होते.

छोट्या, दोन-चार मिलिमीटरच्या माश्या जाळीत दिसतही नाहीत. त्यांच्यासाठी पिवळ्या, पांढऱ्या आणि निळ्या वाट्या जमिनीवर ठेवा. पाणी अर्ध्यावर, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब. सकाळी आठला मांडून पाचच्या आत उचला, चहाच्या गाळणीत गाळा, साबण धुऊन काढा आणि ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. मोठी केसाळ माशी वाटीत सापडली तर तिला अल्कोहोलमध्ये सोडून देऊ नका: ९५ टक्के अल्कोहोलमधून काढून, हेअर ड्रायरची मंद हवा देत, बारीक ब्रशने केस उभे करत सुकवा. पहिल्यासारखी होणार नाही, पण कामापुरती होते.

टाचणं आणि चिठ्ठी

मारल्यानंतर त्याच दिवशी टाचा. १० मिलिमीटरच्या पुढच्या माशीला २ नंबरची कीटकपिन, जाड अंगाच्या माशीला ३ नंबर. १ नंबर वाकते. पिन छातीच्या मध्यरेषेवर नाही, किंचित उजवीकडे घालायची. म्हणजे उजवीकडचे काही केस गेले तरी डावी बाजू शाबूत राहते. पिनेचा वरचा ८ ते १० मिलिमीटर भाग बोटांसाठी मोकळा ठेवा. पंख दोन्ही बाजूंना पसरवा आणि कागदाच्या पट्टीने आठवडाभर दाबून ठेवा. पंख पोटावर मिटलेली माशी सुकली की शिरा एकमेकींवर येतात आणि मोजणी अशक्य होते. ५-६ मिलिमीटरखालची माशी त्रिकोणी कार्डाच्या टोकावर, उजव्या कुशीवर चिकटवा. डिंकाचा ठिपका जेमतेम दिसेल एवढाच.

डीएनएसाठी टाचण्याआधीच उजवा मधला पाय ९५ टक्के अल्कोहोलमध्ये काढून फ्रीझरमध्ये ठेवा आणि दोन्हींना एकच क्रमांक द्या.

चिठ्ठीशिवाय माशी म्हणजे केर. देश, राज्य, जिल्हा, गाव, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव, एवढं पहिल्या चिठ्ठीवर. महिना रोमन अंकांत लिहिण्याचा रिवाज आहे आणि तो पाळावा; नाहीतर ५-१० म्हणजे मेची दहा की ऑक्टोबरची पाच यावर वीस वर्षांनी कुणीतरी डोकं खाजवत बसेल. दुसऱ्या चिठ्ठीवर फूल कोणतं, जमीन कशी, माशी काय करत होती. बॉलपेन नको, शाई फुटते आणि उडते. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलची पुडी हवीच. एका दमट जुलैत बुरशी सगळा संग्रह एकसारखा पांढरा करू शकते.

आता शिरा मोजा

इथपर्यंतची सगळी मेहनत यासाठी. नवखा माणूस रंग पाहतो: पिवळी, काळी, पट्ट्यांची. पण केसांचा रंग उन्हाने उडतो, केस झडतात, आणि एकाच जातीत लहान-मोठ्या, फिक्या-गडद माश्या निघतात. शिरा जागच्या हलत नाहीत.

पंख आडवा धरा, पुढची जाड कडा वर आणि टोक उजवीकडे. टोकाजवळ एक शीर इंग्रजी वाय अक्षरासारखी फाटते. तो फाटा आपला खांब. फाट्याच्या वरच्या फांदीच्याही वर, पुढच्या कडेकडे जाणारी आणखी एक लांब शीर आहे. त्या शिरेपासून फाट्याच्या खालच्या फांदीपर्यंतच्या जागेत किती कप्पे पडतात ते मोजायचं; यांना उपकडेचे कप्पे म्हणू. नुसता फाटा असेल तर दोन कप्पे: एक फाट्याच्या वर, एक फाट्याच्या आत. वरच्या लांब शिरेला फाट्याशी जोडणारी छोटी आडवी शीर असेल तर वरच्या कप्प्याचे दोन तुकडे होतात, एकूण तीन. फाट्याच्या आतही आडवी शीर असेल तर चार.

चार कप्पे आणि मोठी, गडद पंखांची माशी आली तर लिगायरा वंश पाहा. लिगायरा टँटॅलस ही काळी, धुरकट पंखांची जाती भारतापासून पूर्व आशियापर्यंत आढळते. तीन कप्पे म्हणजे एक्सोप्रोसोपा किंवा हेटरॅलोनियासारखे तिचे नातलग. इथे घाई नको, चिठ्ठीवर ‘एक्सोप्रोसोपा गट’ एवढंच लिहिणं जास्त प्रामाणिक. दोन कप्पे असले की पर्याय पुष्कळ, मग पुढची खूण लागते.

ती खूण म्हणजे वरची लांब शीर कुठून आणि कशी फुटते. ती मूळ शिरेपासून जवळजवळ काटकोनात, गुडघा मोडल्यासारखी, मधल्या आडव्या शिरेच्या समोरासमोर फुटत असेल आणि डोळ्याच्या मागच्या कडेला मध्यावर खाच असेल, तर माशी ॲन्थ्रॅसिनी आणि तिच्या जवळच्या उपकुळांतली. ती खूप अलीकडे, पंखाच्या बुडाकडे, तिरक्या कोनात हळूच वेगळी होत असेल आणि डोळ्याची कड सलग असेल, तर बॉम्बिलिनी किंवा इतर जुन्या शाखा.

ॲन्थ्रॅसिनीत दोन कप्प्यांची माशी आली की स्पर्शिकेचं टोक भिंगाखाली आणा. तिसरा भाग कांद्यासारखा फुगीर आणि टोकाला केसांचा बारीक कुंचला असेल तर ॲन्थ्रॅक्स. कुंचला नसेल तर व्हिला किंवा तिच्या आसपासचं कुणीतरी. ॲन्थ्रॅक्स या नावाचा जनावरांच्या रोगाशी काही संबंध नाही, दोन्ही नावं कोळशासाठीच्या ग्रीक शब्दावरून आली. या माश्या काळ्याकुट्ट असतात, एवढंच.

बॉम्बिलिनीत केसाळ गोळा, लांब सोंड आणि पंखाच्या टोकाखालचा पहिला मागचा कप्पा कडेला न भिडता आधीच मिटलेला, हे बॉम्बिलियस आणि सिस्टीकस दोघांतही दिसतं. पंखाच्या मध्यावरच्या मोठ्या बंद कप्प्यावर एक छोटी आडवी शीर उतरते. ती त्या कप्प्याच्या मध्याच्या बरीच अलीकडे, बुडाकडे असेल तर सिस्टीकस. मध्याच्या आसपास असेल तर बॉम्बिलियस. फोटोवरून हा फरक करता येतो, पंख सपाट हवा. मिशाळ, कुबडी, लांब स्पर्शिकांची माशी म्हणजे टॉक्सोफोरा. बारीक कंबरेच्या गांधीलमाशीची हुबेहूब नक्कल करणारी सिस्ट्रोपस. तिच्या अळ्या काटेरी स्लग अळ्यांच्या कोषांत वाढतात, त्यामुळे ती उजाड माळापेक्षा झाडीत भेटते. या दोघींना वाळूची पिशवी नसते.

शिरांवर केस-खवले असतील तर पंखावर अल्कोहोलचा थेंब टाका, क्षणभर सगळं पारदर्शक होतं. कायमची स्लाइड करायची असेल तर फक्त उजवा पंख काढा, डावा माशीवर राहू द्या.

जातीपर्यंत जायला बहुतेकदा नराचे जननांग तपासावे लागतात. पोटाचा शेवटचा तुकडा १० टक्के कॉस्टिक पोटॅशमध्ये, गरम पाण्यात ठेवलेल्या नळीत १० ते १५ मिनिटं किंवा साध्या तापमानाला रात्रभर ठेवतात, मग पाण्याने आणि व्हिनेगरच्या थेंबाने धुऊन ग्लिसरिनमध्ये पाहतात आणि छोट्या नळीत त्याच पिनेवर जपतात. पोटॅश उकळू देऊ नका. उडालं तर डोळ्यांचं कायमचं नुकसान होतं, आणि जास्त शिजलेला तुकडा काचेसारखा होऊन काहीच दिसत नाही.

भारतीय जातींसाठी फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया मालिकेतला ब्रुनेटींचा १९२० चा खंड अजूनही हाताशी लागतो. पण त्यातली नावं जशीच्या तशी उचलू नका. जुन्या पुस्तकांत ॲन्थ्रॅक्स म्हणून दिलेल्या अनेक जाती आज व्हिला आणि शेजारच्या वंशांत गेल्या आहेत. आजचा ॲन्थ्रॅक्स तिथे आर्जिरोमीबा या नावाखाली शोधावा लागतो, आणि लिगायरा हायपरॅलोनिया म्हणून. आधी ब्रुनेटींच्या किल्लीने, म्हणजे एकेक खूण तपासत जाती ओळखायच्या तक्त्याने, जाती ठरवा, मग इव्हनह्यूस आणि ग्रेटहेड यांच्या १९९९ च्या जागतिक सूचीत तिचं आजचं घर पाहा. उपकुळांची मांडणी डीएनए अभ्यासांमुळे अजून हलते आहे आणि पूर्वी याच कुळात धरलेल्या चिमुकल्या मिथिकोमायिडी माश्यांचं आता वेगळं कुळ मानतात, तेव्हा चिठ्ठीवर उपकूळ लिहिण्याचा आटापिटा कशाला? वंश बरोबर असला की पुरे.

घरात उगवलेली माशी

यजमानासकट माशी मिळाली तर तिची किंमत जाळीतल्या पन्नास माश्यांहून जास्त. भिंतीवरचं कुंभारणीचं मातीचं घरटं अलगद सोडवा आणि जाळीच्या झाकणाच्या बरणीत ठेवा. टॉक्सोफोरा अशा घरट्यांतून निघते. पानकापी मधमाश्यांसाठी लाकडात ६ ते ८ मिलिमीटरची, बोटभर खोल भोकं पाडून ओंडका पूर्वेला तोंड करून टांगा. त्यात ॲन्थ्रॅक्स येऊ शकते. नाकतोड्यांच्या अंड्यांसाठी भुसभुशीत जागी वरची ५ ते १० सेंटिमीटर माती सुरीने थरथर काढा. अंडीपुंजात पांढरी वाकडी अळी दिसली तर पुंजासकट, जेमतेम ओलसर वाळूच्या कपात ठेवा. इथे बहुतेक जण पाणी जास्त घालून अळी कुजवतात. वाळू मुठीत दाबून सोडल्यावर गोळा फुटला पाहिजे, एवढीच ओल. अळी वर्षभर, कधी त्याहून अधिक काळ तशीच पडून राहू शकते. हलत नाही म्हणून फेकू नका. मऊ आणि काळी पडली तरच मेली समजा.

माशी निघाली की लगेच मारू नका. पंख पुरते ताणून कडक होईपर्यंत थांबा, नाहीतर सुकल्यावर त्यांच्या सुरकुत्या पडतात. रिकामा कोष जिलेटिनच्या कॅप्सुलमध्ये घालून माशीच्याच पिनेवर लावा. जमलं तर यजमानाचे अवशेष, घरट्याचा तुकडा, अंडीपुंजाची टरफलं तिथेच जपा. दोन-तीन नमुने स्वतःजवळ ठेवले तरी उरलेले सार्वजनिक संग्रहात जाऊ द्या: पुण्यात आकुर्डीला आणि जोधपूरला झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाची केंद्रं आहेत, मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी. जाती नवी निघाली तर तिचे मूळ नमुने नेमून दिलेल्या संग्रहात ठेवणं कायद्यानेच बंधनकारक आहे, आणि त्या वेळी संग्रहपाल पहिली गोष्ट मागेल ती चिठ्ठी.